एका छपराखाली न चालणारे स्वभाव

लाँड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्री तापली, की लाँड्रीवाली पहिला हात गिऱ्हाइकाच्या कपड्यावर कधीच फिरवत नसे. जुन्या चादरीचा एक तुकडा टेबलाच्या कडेला ठेवलेला असे, त्यावर आधी इस्त्री फिरवायची, डाग पडतो का बघायचं आणि मगच शर्टाची कॉलर हातात घ्यायची. "आधी आपल्या चिंधीवर, मग लोकांच्या अब्रूवर," असं ती म्हणायची. गावातले निम्मे साहेबलोक तिच्या इस्त्रीच्या जिवावर ताठ मानेनं हिंडत होते म्हणा ना.

पुढे काउंटरवर तिचा नवरा बसायचा. शांत माणूस. गिऱ्हाईक ओरडलं तरी "बघतो साहेब", आणि हसलं तरी "बघतो साहेब". त्या दिवशी सकाळी तो कोटांना चिठ्ठ्या टाचत होता, तेवढ्यात त्यांची लेक रफूचं बोचकं घेऊन आली. लहानपणी ऊठसूट "का? का?" करायची म्हणून घरात तिचं नाव काऊ पडलं होतं. आता वीस-एकवीसची झाली होती, तरी तेच.

काऊ काउंटरपाशीच थांबली. मागच्या खोलीच्या दाराला नुसता पडदा होता, आणि पडद्यापलीकडे चार पावलांवर आई उभी होती.

"बाबा, आईला सांगा, राखाडी कोटाला आतून पट्टी लावायला लागली."

"अगं, ती म्हणते, पट्टी लावायला लागली," बाबा पडद्याकडे तोंड करून म्हणाले.

"तिला म्हणावं, पट्टी लावायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगितलं होतं, म्हणते."

"म्हणावं, कुणी नाही. कापड विरलंय, नुसत्या टाक्यांनी पुन्हा फाटलं असतं."

"म्हणावं, फाटलं तर कोट गिऱ्हाइकाचा. पट्टीचा फुगवटा दिसला तर नाक माझं कापलं जातं!"

बाबा मान इकडून तिकडे वळवत राहिले. दोघींना एकमेकींचं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. तरी मधला निरोप त्यांच्या तोंडून गेल्याशिवाय कुणी पुढचं बोलत नव्हतं. काउंटरवर उभा असलेला एक पोस्टमन खुदकन हसला. गावातल्या कुणालाच यात वावगं वाटत नव्हतं, म्हणून तो हसू शकला. मला विचाराल, तर त्या हसण्याचीच आज लाज वाटायला हवी.

आता हे काय गौडबंगाल, ते सांगते.

त्या गावात स्वभावशास्त्र फार मानत. माणसाचे स्वभाव म्हणे सोळा. कुणी रेखीव, म्हणजे सगळं आखून करणारा, कुणी स्वच्छंद, कुणी शांत, कुणी धोरणी. आणि कोणत्या स्वभावाचं कोणाशी जमेल, हेही ठरलेलं. काही जोड्या पूरक, म्हणजे एकाचं उणं दुसऱ्यानं भरून काढायचं. काही आरशासारख्या. आणि काही विरोधाच्या. माणसं वेगवेगळी असतात यात खोटं काय आहे? एकाला घाई असते, दुसऱ्याला उशीर, आणि हे ओळखून वागलं तर संसाराला बरंच असतं. इथवर माझी काही तक्रार नाही. पण ओळखण्यासाठी काढलेल्या रेघेवर या लोकांनी भिंत बांधली. मूल बाराचं झालं की त्याला स्वभावबाईंकडे न्यायचं, बाई तासभर प्रश्न विचारणार, आणि एकदा स्वभाव ठरला की ठरला. मग शाळेतला बाक त्यावरून, नोकरी त्यावरून, लग्न तर त्यावरूनच. आणि विरोधी स्वभावाची दोन माणसं एका छपराखाली ठेवायची नाहीत, त्यांनी एकमेकांशी थेट बोलायचंही नाही, मधे तिसरा हवा. कायदा नव्हता हो. पण चारचौघांत नाव निघायचं, "अजून ठेवलीये घरात? धन्य आहे!"

काऊला नेलं तेव्हा बाईंनी प्रेमानं विचारलं होतं, "आईनं काम सांगितलं की तू लगेच करतेस का?"

"आधी 'का' ते विचारते."

"आणि आईनं कारण सांगितलं तर?"

"मग करते. पण माझ्या पद्धतीनं."

"आणि आईला तुझी पद्धत पटते का गं?"

"छे! ती पुन्हा स्वतः करते. मग मी तिचं पुन्हा करते." हे सांगताना पोर हसत होती. बाईंनी हसणं काही लिहून घेतलं नाही. आई रेखीव, मुलगी स्वच्छंद. शुद्ध विरोध.

दोन गल्ल्या पलीकडे काऊची आत्या एकटी राहायची. तिच्याकडे पोरीची रवानगी झाली. जायच्या दिवशी आईनं तिच्या सगळ्या फ्रॉकना इस्त्री केली, झालर न् झालर उलगडून. काऊ दारात उभी राहून म्हणाली, "आई, बॅगेत कोंबल्यावर चुरगळणारच आहेत. का करतेस?" आईनं बॅगेतले कपडे काढले आणि पुन्हा घड्या घातल्या.

आणि बाबा? ते रेखीव बायकोचे पूरक नवरे! लाखात एक जोडी, असं बाईंनी त्यांच्या लग्नातच सांगितलं होतं. त्या जोडीचं गुपित एवढंच होतं, की बायको बोलायची आणि नवरा मान हलवायचा. काऊ गेल्यावर घर कसं शांत झालं. बाबांना जेवताना वाटीचा आवाज ऐकू यायला लागला. पहिले काही दिवस त्यांना चुकल्यासारखं वाटलं, मग बरं वाटायला लागलं. हे बरं वाटणं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

पण भांडण काही संपलं नव्हतं. काऊ आत्याकडे रफू शिकली, आणि लाँड्रीत आलेले फाटके कपडे तिच्याकडे जायला लागले. शिवून आलेला प्रत्येक कपडा आई खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. टाका मनासारखा नसला की तोंडातल्या तोंडात "टवळी!" म्हणत उसवून परत पाठवायची. काऊ तो दुप्पट बारीक शिवून पाठवायची. कधी कधी तर चांगला टाकाही उसवला जायचा. का, ते बाबांना कधी कळलं नाही. ते आपले बोचकं इकडून तिकडे पोचवत राहिले. आणि काऊचे स्वतःचे कपडे धुवायला आले, की ते मदतीला येणाऱ्या सुनेला, वेगळं राहणाऱ्या थोरल्या मुलाच्या बायकोलासुद्धा हात लावू न देता आई सगळ्यांत शेवटी, निवांत, आपल्या हातानं इस्त्री करायची.

त्या दिवशी काऊ निरोपांची फेरी संपवून गेली. दुपारी बाबांना जळका वास आला.

आजवर त्या खोलीतून असा वास कधी आला नव्हता. ते पडदा सारून आत धावले. इस्त्री एका पांढऱ्या शर्टावर तशीच पडली होती आणि बायको टेबलाची कड धरून उभी होती. उजवा हात लोंबत होता. "शर्ट..." एवढंच ती म्हणाली, आणि तेही जड जिभेनं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झटका सौम्य आहे. पण दुसरा येऊ शकतो, दोन-तीन दिवस जपायला हवं."

संध्याकाळी बायकोनं डोळे उघडले. शब्द ओले झाल्यासारखे निघत होते, पण कळत होते. "काऊला बोलवा."

"आधी बरी हो. मग बोलू."

"बरी झाल्यावरचं नाही ते." तिनं दम घेतला. "आत्ता सांगायचंय तिला. तोंडानं. तुमच्याकरवी नाही."

नवरा "बघतो" म्हणाला आणि बाहेर जाऊन त्यानं स्वभावबाईंना फोन लावला. डॉक्टर चार खोल्या सोडून बसल्या होत्या, त्यांना विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. बाई फोनवर हळहळल्या. म्हणाल्या, "आजारपणात विरोधी माणूस जवळ नसलेलं बरं. मन ढवळून निघतं, रक्तदाब चढतो. तुम्ही पूरक आहात, तुम्हीच बसा."

तो बसला. मन लावून बसला, हे कबूल करायला हवं. सफरचंद चिरलं, पांघरूण सारखं केलं, पाण्याची बाटली भरून आणली. बायको दाराकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काऊ आली. हातात आईचा धुतलेला गाऊन. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आईच्या कपड्याला इस्त्री केली होती आणि दोन्ही बाह्यांवर दुहेरी घडी पडली होती. बाबा दार ओढून घेऊन बाहेर आले.

"मी बोलणार नाही बाबा. नुसती कोपऱ्यात बसते."

"नको गं पोरी. तुला बघून तिचं बीपी चढेल."

"आजवर कधी चढलंय?"

बाबांनी तिच्या हातातून गाऊन घेतला.

"बरं. माझी आठवण काढते का?"

बाबांनी जमिनीकडे पाहिलं. "झोपूनच असते गं. कुणाचीच काढत नाही."

ते आत आले. बायकोनं मान उचलली होती. "तिचा आवाज होता. आली का?"

"छे, नर्स होती."

एका दाराच्या अलीकडे एक खोटं, पलीकडे दुसरं. आणि दोन्ही बोलणारा माणूस गावातला सगळ्यात भला गृहस्थ! बायकोनं गाऊनकडे पाहिलं, बाहीवरच्या त्या दुहेरी घडीवरून डावा अंगठा फिरवला आणि नवऱ्याकडे असं काही बघितलं, की त्याला तिथून उठावंसं वाटलं. पण ती काही बोलली नाही. आणि पुढे कधीच बोलली नाही, कारण पहाट व्हायच्या आत दुसरा झटका आला आणि तिची वाचा गेली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. जीव वाचला, माणसं ओळखते, समजतं सगळं, शब्द मात्र बहुधा परत येणार नाहीत, बोलण्यात नाहीत आणि लिहिण्यातही नाहीत. मग त्यांनी विचारलं, "काल त्या कुणाची तरी वाट बघत होत्या. भेटलं का ते माणूस?"

"तिला आणलं नाही. म्हटलं, त्रास होईल."

"कुणी सांगितलं होतं असं?" डॉक्टर म्हणाल्या. "मी तर नाही सांगितलं."

बाबा तिथून थेट बहिणीकडे गेले. काऊ खिडकीत बसून कुणाच्या तरी स्वेटरची कोपरं सांधत होती. आत्यानं भावाचा चेहरा पाहिला आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. बाबांनी सगळं सांगितलं. झटक्याचं सांगितलं, वाचेचं सांगितलं, आणि मग थांबले. तिथंच थांबून चाललं असतं. कुणाला कळणार होतं? पण पोर त्यांच्याकडे बघत होती.

"ती तुला बोलवत होती," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. तुला काहीतरी सांगायचं होतं तिला. मी तुझ्याशी खोटं बोललो. तिच्याशीही."

काऊनं सुई स्वेटरमध्ये खोचली. "काय सांगायचं होतं?"

"नाही माहीत."

"विचारलं नाहीत तुम्ही?"

"नाही."

आत्या रडायला लागली. "मला वाटायचं, पोरीला इथं ठेवायचं तुझ्या मनात आहे. मी कशाला बोलू?"

"मला वाटलं, बाईंच्या मनात आहे," बाबा म्हणाले.

"मग मेलं शेवटी कुणाच्या मनात होतं रे?"

काऊ उठली, चपला पायात सरकवल्या आणि दारात वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही आम्हा दोघींना जपत नव्हता. तुम्हाला घर शांत हवं होतं. शांत घरासाठी तुम्ही लेक दिलीत." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बाबांना बरं वाटलं असतं. शरमेनं मान खाली घालून ते लेकीच्या मागून चालत हॉस्पिटलपर्यंत गेले. वाटेत तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आई घरी आली तेव्हा काऊही घरी आली. "तुमच्यासाठी नाही," असं तिनं बाबांना साफ सांगितलं. इस्त्रीचं टेबल आता तिच्या ताब्यात आलं आणि त्याच्या शेजारी आईची खुर्ची. पडदा तिनं पहिल्याच दिवशी काढून टाकला, धुतला आणि त्याची फडकी केली.

मग एका सकाळी स्वभावबाई आपला कोट न्यायला आल्या. काउंटरवर दोन-तीन गिऱ्हाइकं होती, तो पोस्टमनही होता. आत चांगलीच जुंपली होती.

"आई, तो टाका बरोबर आहे! उसवू नकोस! अगं, एका हातानं कशी उसवतेस, सुई लागेल! सोड... सोड म्हणते ना!"

आईच्या घशातून एक रागीट हुंकार आला. तिनं डाव्या हातानं कापड आपल्याकडे ओढलं होतं आणि दातानं धागा तोडत होती. थोरल्या मुलाची लेक, अकरा वर्षांची नात, टेबलाखाली बसून बटणं निवडत होती. ती खो खो हसत ओरडली, "आजी जिंकली!"

स्वभावबाईंनी खिन्नपणे मान हलवली. "बघा. म्हटलं नव्हतं मी? एका छपराखाली आणलंत, आणि हे असं. आजारी बाईला सोसेल का हे?"

बाबांनी कोट हँगरवरून काढला. "बाई, माझ्या बायकोला मुलीशी शेवटचं बोलायचं होतं. तुमच्या सांगण्यावरून मी बोलू दिलं नाही."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मला फार वाईट वाटतं हो. पण आम्ही फक्त सल्ला देतो. मानायचा की नाही, ते ज्याचं त्यानं बघायचं. जबरदस्ती कुठं केली?"

"नाही केली," बाबा म्हणाले. "तेच तर. कुणीच केली नाही. माझ्या पोरीला घराबाहेर काढायला माझ्यावर कुणी जबरदस्तीसुद्धा केली नाही." दुकानात एवढ्या मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती. पोस्टमन खाली बघून पिशवीतली पाकिटं उगाच खालीवर करायला लागला. त्याचाही एक भाऊ कुठंतरी दूर राहत होता, विरोधातला.

बाईंनी कोट घेतला. जाताना सवयीनं म्हणाल्या, "नातीचं वय होत आलं. पुढच्या महिन्यात आणताय ना?"

"नाही."

"अहो, तिच्या भल्यासाठीच..."

"तिला काय कमी-जास्त आहे ते आम्ही भांडून बघू," बाबा म्हणाले. "आणायची नाही. बारा झाल्यावरही नाही, आणि नंतरही नाही. सून-मुलाशी बोललोय मी. आणि बाई, गावात काय म्हणायचं ते म्हणू द्या. मी बहिरा नाही, ऐकून घेईन."

बाई गेल्या. एका गिऱ्हाइकानं आतल्या आवाजांकडे मान करून विचारलं, "काय मालक, घरात भांडण वाटतं?"

"हो," बाबा म्हणाले. "आमच्या घरात भांडण आहे."

इथं गोष्ट संपवता आली असती, आणि तुम्ही-मी हायसं वाटून पान उलटलं असतं. पण तसं झालं नाही. रोज दुपारी काम आवरलं की काऊ आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसते आणि विचारते, "आई, काय सांगायचं होतं गं मला?" आई तोंड उघडते. ओठ हलतात, कपाळावर घाम येतो, डावा हात हवेत काहीतरी रेखत राहतो. काऊ एकेक ओळखून बघते. "रागावली होतीस? नाही? मग... रफूचं काही? शाबासकी द्यायची होती?" आई मान हलवते, हो की नाही ते कळत नाही. मग काऊ म्हणते, "बरं, उद्या सांग," आणि आईच्या मांडीवर डोकं टेकते.

त्या वेळी बाबा काउंटरवर येऊन घडी घातलेले शर्ट मोडतात आणि पुन्हा घड्या घालतात. गिऱ्हाईक आलं तरी त्यांना दिसत नाही. ते वाक्य होतं, ते एका माणसाच्या ओठांवर आलं होतं, आणि दार त्यांनी लावलं होतं. आता ते कुणालाच सांगता येणार नाही.

वाचकहो, त्या गावाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. "आमच्या दोघांचं पटतच नाही, म्हणून लांबच बरं," असं म्हणून आपण ज्याला दाराबाहेर उभं केलंय, असं एखादं माणूस तुमच्या-माझ्या घराचंही असेल. त्याच्याकडे जाऊन भांडा, हवं तर. पण ज्याला बोलायचंय त्याला अजून बोलता येतंय, तोवर जा.